पहिली गाडी चालवणाऱ्याच्या मापाची

आपल्याकडे गाडी घ्यायची ठरली की घरातलं प्रत्येक जण बोलतं. वडील बजेट ठरवतात, मामा मॉडेल सुचवतो, धाकटा भाऊ सनरूफवर अडून बसतो, आई डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं मावेल का ते बघते. आणि जिला ती गाडी रोज चालवायची आहे, ती पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसते ती थेट डिलिव्हरीच्या दिवशी, बॉनेटवर हार घातल्यावर.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं सर्वसाधारण विम्याच्या कचेरीत मोटार क्लेमच्या टेबलावर गेली. सर्व्हेअरचे रिपोर्ट आणि फोटो बघून बघून नव्या चालकाची गाडी मी न सांगता ओळखायचे. डाव्या बाजूचं मागचं दार, डावा आरसा, मागच्या बंपरचा डावा कोपरा. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडीचा डावा अर्धा भाग नव्या माणसाला अंदाजानेच सांभाळावा लागतो. गाडी जितकी रुंद आणि सीट जितकी खोल, तितका तो अंदाज चुकतो. त्या टेबलावर माझं मत पक्कं झालं ते असं, की पहिली गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला, त्याच्या रोजच्या रस्त्याला आणि त्याच्या नावाला बसणारी हवी. बाकीच्या गोष्टी दुसऱ्या गाडीच्या वेळी बघाव्यात.

२०२५ साली हे घरातच पटवून द्यायची वेळ आली. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा मेढ्याच्या पुढे, केळघरच्या बाजूला. साताऱ्यातून कण्हेर धरणाच्या अंगाने जायचं, तीसेक किलोमीटर. एसटीच्या वेळा शाळेशी जुळत नाहीत आणि जावळीतल्या पावसात स्कूटी चालवणं म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये रोज ओल्या कपड्यांनी वर्गात उभं राहणं. मे महिन्याच्या सुट्टीत ती ड्रायव्हिंग शिकली, लर्निंग लायसन्सचे महिनाभर थांबायचे दिवस संपल्यावर टेस्ट देऊन पक्कं लायसन्स काढलं. उंची पाच फुटाला इंचभर कमी. ही उंची लक्षात ठेवा, कारण गाडीची निवड शेवटी तिच्यावरच ठरली.

दादाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोक्यात मात्र छोटी एसयूव्ही होती. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशीच, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात यावी अशी त्याची फार इच्छा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, नव्या गाड्या खरोखरच स्वस्त झाल्या होत्या. पण तो बघत होता त्या मॉडेलला ८ लाखांचं कर्ज लागणार होतं. ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी हिशेब मांडला तर हप्ता १२,८७० रुपयांच्या आसपास येतो आणि फिटेपर्यंत बँकेला १० लाख ८० हजार जातात. शिवाय हा हप्ता भाचीच्या पगारातून जाणार. मी दादाला एवढंच म्हटलं, "आधी तिला बसवून बघू. पैशांचं रात्री बोलू."

बसवून बघणं हीच खरी परीक्षा आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. शोरूममध्ये माणूस पाच मिनिटं बसतो, एसी लावतो, स्क्रीन बघतो आणि उतरतो. मी भाचीला प्रत्येक गाडीत हे करायला लावलं. चप्पल नको, शाळेत जाताना घालते तेच बूट. क्लच पूर्ण खाली दाबायचा. पाय तळाला पोचल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे. मग पाठ टेकवून हात सरळ करायचा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभराहून बरंच जास्त अंतर हवं, साधारण २५ सेंटिमीटर, कारण एअरबॅग उघडते ती फार जोरात. बुटक्या माणसाचा घोळ इथेच होतो. क्लचला पाय पोचावा म्हणून तो पुढे सरकतो आणि एअरबॅगच्या तोंडाशी जाऊन बसतो. म्हणून ड्रायव्हरची सीट वरखाली होणं ही अशा माणसासाठी चैन नाही. सीट उंच केली की बॉनेटची कड दिसते, पायाचा कोन सुधारतो आणि फार पुढे सरकावं लागत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत ही सोय फक्त वरच्या व्हेरियंटला मिळते. वहिनी म्हणाली, "उशी ठेवली तर?" उशी ठेवू नये. जोरात ब्रेक लागला की उशी सरकते, तिच्याबरोबर माणूस पट्ट्याखालून घसरतो.

त्यानंतर खिडकीच्या पुढचा खांब. छताला धरून ठेवणारा तो तिरका खांब काही गाड्यांत इतका जाड असतो की उजव्या वळणावर अख्खी मोटरसायकल त्याच्यामागे लपते. भाचीने स्वतःच ते ओळखलं. दादाच्या आवडत्या एसयूव्हीत बसून ती म्हणाली, "आत्या, मला वळणावरचा माणूस दिसणार नाही." मागे बघितलं तर मागची काच चिंचोळी. कॅमेरा आहे ना, असं सेल्समन म्हणाला. कॅमेरा रिव्हर्सला उपयोगी, पण साताऱ्याच्या राजपथावर लेन बदलताना मान वळवूनच बघावं लागतं, आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसतो. दादा त्या दिवशी काही बोलला नाही, पण सनरूफचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता साताऱ्याचा रस्ता. इथे सपाट असं काही नाही. समर्थ मंदिराकडे चढ, बोगद्याकडे चढ, पेठांतल्या गल्ल्या अरुंद आणि तिरक्या, आणि चढावर मध्येच रिक्षा थांबते. मग मागे बंपरला चिकटून एक टेम्पो आणि गाडी मागे येतेय या भीतीने क्लच धरून ठेवलेला. इथून एएमटीची, म्हणजे स्वस्तातल्या ऑटोमॅटिकची, चर्चा सुरू झाली. मामाचं मत होतं की बायकांना ऑटोमॅटिक सोपी. सोपी आहेच, आणि पुण्यात रोज सिग्नलवर अडकणाऱ्या कोणालाही, बाई असो की बुवा, मी ऑटोमॅटिकच सांगेन. पण स्वस्त गाड्यांतली एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं काम मशीन करतं. ब्रेकवरून पाय काढला की चढावर ती थोडी मागे येते, जर हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, नसेल तर. आणि केळघर घाटातून उतरताना गाडी कोणत्या गिअरमध्ये धरायची हे चालकाला कळलंच पाहिजे. एएमटीतही मॅन्युअल मोड असतो, पण नवा माणूस तो वापरत नाही, ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहतो आणि ब्रेक तापतात. पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर कात्रजच्या बोगद्याकडून येणाऱ्या जड गाड्यांचे अपघात आपण वर्षानुवर्षं वाचतोय. छोटी गाडी ट्रकाइतकी जड नसते, पण ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम तिलाही लागू आहे. भाचीचा हात मॅन्युअलवर बसला होता. हँडब्रेक ओढून, क्लच चावायला लागला की हँडब्रेक सोडून चढावर गाडी काढणं तिला जमत होतं. जमलेली गोष्ट मोडायचं कारण नव्हतं.

डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक यांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. २०२० साली बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून छोट्या डिझेल हॅचबॅक जवळजवळ संपल्याच. सीएनजीत डिकी जाते आणि पंपावर रांगेत उभं राहायला शाळेच्या वेळेत सवड नाही. इलेक्ट्रिक मला मनापासून आवडते, पण दादाच्या बिल्डिंगमध्ये गाडी रस्त्यावर लागते, चार्जर बसवणार कुठे? पेट्रोलवर एकमत झालं.

सुरक्षेबद्दल मी हट्टी आहे, आणि राहीन. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनसीएपी या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. त्यानंतर लोक तारे विचारायला लागले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. उंच बसायला आणि चारही बाजूंना बघायला वॅगनआरसारखी सोयीची गाडी या किमतीत दुसरी नाही, हे मी भाचीबरोबर बसून पुन्हा अनुभवलं. पण ग्लोबल एनसीएपीत तिला २०१९ मध्ये दोन आणि २०२३ मध्ये एकच तारा मिळाला. मधल्या काळात चाचणी कडक झाली होती हे खरं. आधी फक्त समोरून, ताशी ६४ किलोमीटरने, अर्धवट धडक देऊन बघायचे, २०२२ पासून बाजूची धडक आणि गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणाही मोजू लागले. म्हणून जुने तारे आणि नवे तारे शेजारी ठेवून तुलना करू नये. तरी एक तारा म्हणजे एक तारा. टाटा टियागोला जानेवारी २०२० मध्ये जुन्या चाचणीत चार मिळाले होते. मेढ्याच्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर नाहीतर वडाप जीप येते, तेव्हा मला ते चार हवे होते. वॅगनआर सोडताना भाची जरा हळहळली, आणि मला तिचं म्हणणं कळत होतं.

दादा अखेर जुन्या गाडीला तयार झाला तो एका साध्या हिशेबावर. नवी गाडी शोरूममधून निघाली की विम्याच्या कागदावरच तिची किंमत उतरायला लागते. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढताना सहा महिने ते वर्षाच्या गाडीला १५ टक्के घट धरतात, दोन वर्षं पूर्ण होईतो २० आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे ही घट पहिला मालक सोसतो आणि दुसऱ्याला तीच गाडी, तेच तारे, तीच सीट मिळते. शिवाय पहिल्या वर्षात गाडीला ओरखडे पडणारच. हप्त्यावर घेतलेल्या कोऱ्या गाडीला पडलेला ओरखडा घरात आठवडाभर बोलला जातो. त्या बोलण्याने मुली गाडी चालवायचं सोडून देतात, हे मी माझ्या ओळखीत पाहिलंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. दारात गाडी उभी आणि लायसन्स पर्समध्ये पडून.

जुनी गाडी बघायला मात्र वेळ द्या. माझी सगळ्यात मोठी भीती पुराच्या गाडीची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विम्यात गाडी टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून विकली जाते. पण भंगारात विकलेली प्रत्येक गाडी मोडीत जात नाही. धुऊन, पॉलिश करून, नवी सीट कव्हरं घालून काही दुसऱ्या जिल्ह्यात बाजारात येतात. अशी गाडी ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवरचा गंज बघा. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. काचा बंद करून एसी लावा आणि वासाकडे लक्ष द्या. फार उग्र अत्तर मारलेलं असेल तर आणखी लक्ष द्या.

मागचे पट्टे आणि त्यांची बकलं जागेवर आहेत का हेही तेव्हाच बघून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत बकलं सीट कव्हरखाली दाबून टाकलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. इतकी भारी गाडी होती, तरी.

२०२२ च्या आधीची गाडी घेताना एअरबॅग एक आहे की दोन, हे व्हेरियंटसकट विचारा. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, पण शेजारच्या सीटची सगळ्या गाड्यांना सक्ती व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या वर्षांतल्या बेस मॉडेलला एकच असू शकते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतं.

आम्हाला मिळालेली गाडी २०२१ ची टियागो, पेट्रोल, मॅन्युअल, वरचं व्हेरियंट, एमएच-११, म्हणजे साताऱ्याचीच. मालक निवृत्त गृहस्थ, पहिल्या दिवसापासूनचे सर्व्हिसचे कागद फाइलमध्ये लावलेले. किलोमीटर खरे आहेत का ते मी मीटरवर बघत नाही, सर्व्हिसच्या बिलांवर दर खेपेचा आकडा असतो तो जुळवते, आणि ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते बघते. सीट वरखाली होते. मागच्या काचेला वायपर आहे आणि धुकं घालवणाऱ्या तारा आहेत, जावळीत त्यांची किंमत सनरूफपेक्षा कितीतरी जास्त. साडेचार लाखांच्या आसपास सौदा झाला. दसरा टळला, पण पाडव्याच्या आधी गाडी घरी आली.

पैसे देण्याआधी भाचीने ती चालवली ती शोरूमसारखी मोकळ्या रस्त्यावर नाही. मालकांनी समजुतीने वेळ दिला. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून, राजपथावर संध्याकाळच्या गर्दीत, मग चढावर थांबवून पुन्हा काढून, आणि शेवटी दादाच्या गल्लीत रिव्हर्स. गल्लीत गाडी लावता येत नसेल तर बाकी सगळं चांगलं असून रोजचा वैताग ठरलेला. दिवे लागल्यावर एक फेरी घेतली, कारण थंडीत शाळेतून परत येईपर्यंत अंधार होतो.

गाडी आल्यावर दादाला पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवायचा होता, नव्या हाताला संरक्षण म्हणून. ते करू दिलं नाही. एक तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदीचे आदेश काढले आहेत. दुसरं म्हणजे गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्या चेपण्याच्या हिशेबावर एअरबॅग उघडते. मध्ये लोखंड आलं की हिशेब बिघडतो, आणि समोरच्या पायी माणसाला लागतं ते वेगळंच. त्या पैशांत दोन नवे टायर आले.

कागदपत्रांकडे आता नीट लक्ष द्या, इथे शिकली-सवरलेली माणसंही ढिलाई करतात. गाडी जी चालवणार तिच्याच नावावर घ्या. दादा म्हणत होता, माझ्या नावावर घेऊ, ट्रान्सफरला मी जाईन, तिला सुट्टी नको काढायला. पण पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो लायसन्स असलेल्या मालकाला मिळतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारी मुलगी असेल तर अपघातात तिला त्या कलमाखाली काही मिळत नाही. असे कागद माझ्या टेबलावर आलेले आहेत, आणि त्या आईवडिलांना काय सांगायचं हे मला कधी सुचलं नाही.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाची एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याच्याबरोबर जाते, ती गाडीची नसते, त्यामुळे राहिलेल्या मुदतीचा फरक भरावा लागतो, तो भरा. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापणारं कव्हर, घ्या, निदान पहिली दोन वर्षं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि नव्या चालकाकडून फुटतो तो बंपर प्लास्टिकचाच असतो. आणि पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर तो खर्च तुमचा.

छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करायचा नाही, असं भाचीला मी आधीच सांगून ठेवलंय. १,००० रुपये तसेही आपल्यालाच भरावे लागतात आणि पुढच्या वर्षीची एनसीबीची २० टक्के सूट जाते. गॅरेजमध्ये ठोकून रंगवून घ्यायचं, आणि दादाने त्यावर काही बोलायचं नाही. हे दादाने माझ्यासमोर कबूल केलंय. नवी आरसी आली आहे, नाव तिचं आहे. शनिवारची सकाळची शाळा असते तेव्हा दादा हौसेने तिच्याबरोबर जातो, मागे बसतो आणि पट्टा लावतो.